अर्जाचे भाषांतर



काशीच्या या ब्रह्माघाटावरील मराठी घरांतून अलीकडे माझ्याकडे निराळेच काम येते. मुलांना परदेशी कलाविद्यालयात प्रवेश हवा असतो. त्यांनी मराठीत लिहिलेले आत्मनिवेदन मी इंग्रजीत उतरवून द्यावयाचे. ते सजविण्याचा मोह आम्हा भाषांतरकारांना फार.

सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांना असे निवेदन लिहावे लागले नाही. देवळाच्या भिंतीवर त्यांनी रेखाटलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिले आणि त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये धाडले. पुढे 1920 साली ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकावयास गेले. आज भिंत पाहावयास कोणी येत नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन अर्जासोबत 12 ते 20 कलाकृती मागते. अनेक विद्यालयांना कच्ची रेखाटनेही हवी असतात. हात चुकत चुकत कसा पुढे गेला, हे त्यांतूनच कळते. तेव्हा डागाळलेल्या वह्या टाकून देऊ नका.

एका मुलीने लिहिले होते : आजोबांच्या पोथीच्या समासात चित्रे काढली म्हणून मी मार खाल्ला. पूर्वी एकाच्या अर्जातून असेच वाक्य मी अशोभनीय म्हणून गाळले होते. त्याला नकार आला. कारण कळले नाही, पण ते वाक्य अजून सलते. हिचे मी जसेच्या तसे ठेवले आहे. उत्तर मार्चमध्ये यावयाचे आहे.