जंगलातल्या लेकराला आईचा निरोप

कोलंबियात सरकार आणि ‘फार्क’ या सशस्त्र संघटनेचा संघर्ष 50 वर्षांहून अधिक चालला. डिसेंबर 2010मध्ये सैनिकांनी बंडखोरांच्या वाटांवरची नऊ उंच झाडं दिव्यांनी सजवली. कुणी जवळ आलं की दिवे लागत आणि फलक दिसे: जंगलात नाताळ येतो, तर तुम्हीही घरी येऊ शकता.

पुढची मोहीम मला अधिक मोलाची वाटते. बंडखोरांच्या आयांनी आपल्या मुलांचे लहानपणीचे फोटो जंगलात लावण्यासाठी दिले. ज्याचा फोटो त्यालाच ओळखू येई, म्हणून त्याच्या जिवाला धोका नव्हता. सोबत एवढंच लिहिलेलं, की बंडखोर होण्याआधी तू माझं लेकरू आहेस. यात सरकारची बढाई नव्हती. अर्थात, शस्त्रं ठेवणाऱ्यांसाठी पुनर्वसनाची योजना नसती, तर हे शब्द पोकळच ठरले असते. अखेर 2016मध्ये शांतता करार झाला.