पडद्याची सूज परत येते तेव्हा



मोतीबिंदूचे काम आपण जिल्ह्यातले नेत्रतज्ज्ञ व ऑप्टोमेट्रिस्ट मनापासून करतो. आज मात्र मी शीर बंद झाल्याने पडद्याला सूज आलेल्या पेशंटविषयी बोलणार आहे. डोळ्यात इंजेक्शन घेतल्यावर त्याला स्वच्छ दिसते, आणि ऐन सोयाबीन काढणीत तो परत येतो: ‘डॉक्टर, मधोमध पुन्हा धुकं आलं.’ सोबतचा मुलगा विचारतो, मग इंजेक्शनचा उपयोग काय झाला?

उपयोग झालेलाच असतो. पडद्यावर धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींभोवती एकच आवरण असते. बीपीमुळे कडक झालेली धमनी तिथे शिरेला दाबते. रक्त तुंबते, केशवाहिन्या झिरपतात, पीतबिंदूत पाणी साचते. रक्ताला मुकलेला पडदा व्हीईजीएफ सोडतो आणि गळती आणखी वाढते. इंजेक्शन या व्हीईजीएफला अडवते. बंद शीर ते उघडत नाही. औषधाचा अंमल ओसरला की काहींची सूज परततेच, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी असते.

पंजाबात जन्मलेले नेत्रतज्ज्ञ डॉ. सोहनसिंग हयरे यांनी मुख्य शीर बंद झालेल्या डोळ्यांचे दोन प्रकार आग्रहाने वेगळे केले: रक्तपुरवठा बऱ्यापैकी टिकलेले आणि तुटलेले. सूज परतण्याचा विचारही इथूनच सुरू व्हायला हवा. १९९१ साली ओसीटीचा, म्हणजे प्रकाशाने पडद्याचा छेद दाखवणाऱ्या स्कॅनचा, पहिला शोधनिबंध आला आणि पुढे ही सूज मायक्रॉनमध्ये मोजता येऊ लागली. आता ओसीटी अँजिओग्राफीत रंगद्रव्य न टोचताही खोल थरातली केशवाहिन्यांची जाळी कुठे विरली ते दिसते.

पण आपण बहुतेक वेळा जाडीचा आकडा वाचून थांबतो. माझा आग्रह आहे की आडवा छेद पाहा. साचलेल्या पाण्याच्या काळ्या पोकळ्या आटल्यावर आतले थर वेगवेगळे ओळखू येतात का? प्रकाशपेशींची उजळ रेषा अखंड आहे का? ती तुटली असेल, तर पडदा सपाट होऊनही नजर पूर्ण परतत नाही. हे पेशंटला आधीच सांगायला हवे.

आपल्या जिल्ह्याची खरी अडचण वेगळीच आहे. मेहकरचा पेशंट एकदा संभाजीनगरला स्कॅन काढतो, पुढच्या वेळी अकोल्याला. मलकापूरचा जळगावला जातो. सगळ्या मशीन पडद्याची खालची सीमा एकाच रेषेवर धरत नाहीत. जुने टाइम-डोमेन आणि नवे स्पेक्ट्रल-डोमेन मशीन यांच्या मापात निरोगी डोळ्यातही ६०-७० मायक्रॉनचा फरक पडू शकतो. मग सूज वाढली की मशीन बदलले, हे कसे ठरवायचे? कधी गरज नसताना सुई टोचली जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी गरज असताना राहून जाते.

म्हणून माझी विनंती आहे. शक्यतो त्याच मशीनवर, त्याच जागेचा स्कॅन घ्या. जाडीच्या रंगीत नकाशासोबत मूळ छेदही पेशंटच्या हाती द्या. त्यावर मशीनचे नाव, मागच्या इंजेक्शनची तारीख आणि त्या दिवशीचे बीपी लिहा. आणि एका डोळ्याची शीर बंद होऊन आलेल्या माणसाचे बीपी व शुगर तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका. त्याचा दुसरा डोळा अजून चांगला आहे.