मुदत संपली, पण कारण सांगा

मी डॉक्टर आहे, वकील नाही. आज कायद्याबद्दल जे बोलणार आहे ते एका याचिकाकर्तीने कोर्टाच्या बाकावर बसून शिकलेलं आहे. मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : "डॉक्टर, करारावर सही तुमचीच होती ना? मुदत संपली, नोकरी संपली. मग कोर्टात कशाला गेलात?" विचारणारे काही माझे वैरी नव्हते. माझे सासरेही त्यात होते. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागतं.

महाराष्ट्रात जिला कंत्राटी नोकरी म्हणतात, तिला आमच्या मध्य प्रदेशात 'संविदा' म्हणतात, गुजरातेत 'करार आधारित', कर्नाटकात 'गुत्तिगे'. नाव वेगळं, कागद सारखाच. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, २०१३ मध्ये शहरी अभियान जोडून त्याचं राष्ट्रीय आरोग्य अभियान झालं. या योजनेत डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ मोठ्या संख्येने करारावर घेतले गेले. माझा करार दरवर्षी ३१ मार्चला संपायचा. त्यात एक कलम होतं : मुदत संपताच नेमणूक आपोआप संपुष्टात येईल आणि मुदतवाढीचा कोणताही हक्क राहणार नाही.

एका सामुदायिक आरोग्य केंद्रात मी पाच वर्षं वैद्यकीय अधिकारी होते. चार वेळा मुदतवाढ मिळाली. मूल्यांकनाचा शेरा दरवर्षी 'चांगले' किंवा त्याहून वरचा. पाचव्या वर्षी मी वरिष्ठांना तीन पत्रं लिहिली. विषय एकच होता : प्रसूतिकक्षातला फ्रिज बंद आहे आणि ऑक्सिटोसिन उघड्या कपाटात पडून आहे.

ऑक्सिटोसिन म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी दिलं जाणारं इंजेक्शन. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. उष्णतेत त्या औषधाचा जोर कमी होतो, आणि ते बाहेरून पाहून कळत नाही. रजिस्टरमध्ये 'इंजेक्शन दिले' अशी नोंद होते, पण गर्भपिशवी आवळत नाही आणि बाई रक्त गमावत राहते. मी पत्रं लिहिली ती एवढ्यासाठी.

३१ मार्चला मुदतवाढीची यादी आली. आमच्या केंद्रातल्या सगळ्यांची नावं होती, माझं नव्हतं. मला वेगळं पत्र आलं, दोन ओळींचं : काम समाधानकारक नसल्याने मुदतवाढ देता येत नाही.

मी इंदूरला वकिलांकडे गेले. त्यांनी सगळे कागद वाचले आणि म्हणाले, "आधी तुमची बाजू कुठे कमजोर आहे ते ऐका." आणि त्यांनी उमादेवी खटला समजावला. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की तात्पुरत्या किंवा कंत्राटी नेमणुकीवर कितीही वर्षं काढली, तरी केवळ त्या आधारावर कायम होण्याचा हक्क मिळत नाही. सरकारी नोकरीचं दार सर्वांना सारखं उघडं हवं, मागच्या दाराने आत आलेल्याला कोर्टाने कायम केलं तर बाहेर रांगेत उभ्या असलेल्यावर अन्याय होतो, हा त्यामागचा विचार. मला तो आजही चुकीचा वाटत नाही.

मग उरलं काय? वकील म्हणाले, "मुदतवाढ मागायचा हक्क नाही. पण मुदतवाढ नाकारणारा निर्णय प्रामाणिकपणे घेतला जावा, हा हक्क आहे." सगळा खटला या एका वाक्यावर उभा होता, म्हणून ते जरा उलगडून सांगते.

१९९० साली उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांच्या नेमणुका एका फटक्यात संपवल्या. तेही ठरावीक मुदतीचेच होते. श्रीलेखा विद्यार्थी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक रद्द केलं. करार करताना सरकार सरकारच राहतं. राज्यघटनेचं कलम १४, म्हणजे समानतेचं आणि मनमानीला मज्जाव करणारं कलम, करारावर सही झाली म्हणून गळून पडत नाही.

दुसरी बाजूही ऐका. २०११ मध्ये ओडिशातल्या सरकारी वीज कंपनीच्या एका कंत्राटी अधिकाऱ्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. कोर्ट म्हणालं, अशा निर्णयाची तपासणी आम्ही करू शकतो, पण निर्णय मनमानी किंवा दुष्ट हेतूचा नसेल तर करार चालू ठेवायला भाग पाडणार नाही. तो अधिकारी हरला. तेव्हा 'माझी नोकरी गेली' एवढंच सांगून चालत नाही. ती कशी गेली, हे कागदावर दाखवावं लागतं.

तिसरा धागा १९९२ च्या प्यारा सिंग खटल्यातला : तात्पुरत्या माणसाला काढून त्याच्या जागी दुसरा तात्पुरता माणूस बसवू नये. नियमित भरतीने आलेला माणूस मात्र बसवता येतो. माझ्या जागेसाठी तीन आठवड्यांत पुन्हा कंत्राटी भरतीचीच जाहिरात निघाली होती. ती आम्ही याचिकेला जोडली.

आता 'काम समाधानकारक नाही' या शब्दांबद्दल. मला वाटत होतं, हा कलंक आहे, यावरच आपण जिंकू. वकिलांनी सावध केलं. हे शब्द प्रत्येक वेळी कलंक ठरत नाहीत, पुष्कळदा न्यायालयं ते साधं कारण म्हणून मान्य करतात. आमचा भर वेगळ्या ठिकाणी होता. ज्या कार्यालयाने चार वर्षं चांगला शेरा दिला, त्याच कार्यालयाला पाचव्या वर्षी काम असमाधानकारक वाटलं. मधल्या काळात एकही मेमो नाही, एकही नोटीस नाही. फक्त माझी तीन पत्रं.

समोरच्या बाजूने उत्तराच्या शपथपत्रात नवी कारणं आणली : उशिरा येणं, सहकाऱ्यांशी न पटणं. तिथे एक जुना निकाल कामी आला, १९७७ च्या लोकसभा निवडणुकीतून उद्भवलेला मोहिंदरसिंग गिल खटला. आदेशाचं समर्थन आदेशात लिहिलेल्या कारणांवरच करावं लागतं, मागाहून शपथपत्रात नवी कारणं जोडता येत नाहीत.

निकाल यायला एकोणीस महिने लागले. न्यायालयाने मुदतवाढ नाकारणारं पत्र रद्द केलं. मला म्हणणं मांडायची संधी देऊन, कारणं नोंदवून, नव्याने निर्णय घ्या, असा आदेश दिला. कायम करा असं म्हटलं नाही, मधल्या काळाचा पगारही दिला नाही. पुढे मला एका वर्षाचा करार मिळाला, दुसऱ्या केंद्रात. फ्रिज मात्र मी बाहेर असतानाच बदलला गेला होता.

तर मग एवढ्यासाठी एकोणीस महिने? हो. कारण माझ्या पत्रानंतर आमच्या केंद्रात काय झालं ते मला स्टाफ नर्सने फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आता कोणी काही लिहीत नाही. संपलं तर बाहेरून आणवतो." तीही करारावर, लॅबचा तंत्रज्ञही करारावर. यादीतून गळलेलं एक नाव सगळ्यांनी वाचलं होतं. ज्याची नोकरी दर ३१ मार्चला दुसऱ्याच्या सहीवर टांगलेली असते, तो औषध नाही हे लिहायला कचरतो. त्या न लिहिलेल्या ओळीची किंमत डॉक्टर देत नाही, प्रसूतीच्या टेबलावरची बाई देते.

करार संपल्यावरही सगळेच हक्क संपत नाहीत, याचं एक उदाहरण तर डॉक्टरांचंच आहे. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांचा करार ११ जून २०१७ ला संपत होता. त्यांनी १ जूनपासून प्रसूती रजा मागितली. रुग्णालयाचं म्हणणं, लाभ फक्त अकरा दिवसांचा. त्या न्यायाधिकरणात हरल्या, उच्च न्यायालयात हरल्या. १७ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसूतीचा लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही मिळेल. सहा वर्षं लागली, पण आज करारावरच्या प्रत्येक डॉक्टरला तो निकाल दाखवता येतो.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं सफाई आणि बागकाम करणाऱ्या कामगारांना नियमित करताना, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की उमादेवी निकालाचा वापर दीर्घकाळ राबलेल्या माणसांना नाकारण्याची ढाल म्हणून करू नये. याने उमादेवी रद्द होत नाही. पण वारं कुठल्या दिशेने आहे ते कळतं.

आता तुमच्यापैकी जे करारावर आहेत त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. पहिली : प्रत्येक करार, मुदतवाढीचा आदेश आणि मूल्यांकन याची प्रत घरी ठेवा. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा, साधारण ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. दुसरी : तक्रार तोंडी करू नका, आवक क्रमांक घ्या. तिसरी : दार नीट ओळखा. केंद्र सरकारची नोकरी असेल तर सहसा केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, आणि तिथे साधारण एका वर्षाची मुदत असते. राज्याची असेल तर उच्च न्यायालय, किंवा महाराष्ट्रासारखं राज्य न्यायाधिकरण असेल तर बहुधा आधी तिथे. खासगी रुग्णालयाविरुद्ध रिट सहसा चालत नाही, तिथे फार तर नुकसानभरपाईचा विचार होतो. चौथी : थांबू नका. उशीर हाच पुष्कळ याचिकांचा शेवट असतो.

आणि सरकारकडे माझी मागणी लहान आहे. मुदतवाढ द्यायची नसेल तर देऊ नका. पण महिनाभर आधी कळवा, कारण लिहा आणि आमचं म्हणणं ऐका. याला पैसा लागत नाही, नवं पद निर्माण करावं लागत नाही. सहीच्या वर चार खऱ्या ओळी लिहाव्या लागतात. त्या लिहायची सवय लागली, तर आमच्यासारख्यांना खाली चार खऱ्या ओळी लिहायचं धाडस होईल.