शाळेचे पहिले पंधरा दिवस



मृग लागला की पेरणीची घाई सुरू होते आणि त्याच दिवसांत शाळेची घंटाही वाजते. बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्याला उघडते. विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा, जूनच्या अखेरीला. घरोघरी एकच बोलणं ऐकू येतं, ‘पहिल्या दिवसांत शिकवतात तरी काय? पेरणी झाली की जाईल.’ आणि घरी थांबते ती बहुतेक वेळा मोठी मुलगी, धाकट्याला सांभाळायला.

पण वर्गाची घडी बसते ती याच दिवसांत. बोलायचं असेल तर हात वर करायचा, दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबायचं, घेतलेली पेन्सिल परत द्यायची, हे सगळं तेव्हाच ठरतं. मागच्या इयत्तेची उजळणीही तेव्हाच होते. ती बुडाली की फळ्यावरचं गणित कळत नाही. मग लेकरू काय करणार? एक तर शेजारच्याला चिमटे काढणार, नाहीतर मान खाली घालून गप्प बसणार. पहिल्याला आपण वांड म्हणतो, दुसरीला गुणाची. खरं तर दोघंही मागे पडलेली असतात.

म्हणून गटाच्या बैठकीत आम्ही एक ठरवलं. पेरणीच्या दिवसांत गल्लीतली लहान मुलं आळीपाळीनं एकीनं सांभाळायची. बाकीच्या शेतावर, आणि मोठ्या मुली शाळेत. यंदा तुमच्या गटातही हा विषय घ्या.

घरच्या गोष्टी साध्याच आहेत. रात्री मोबाइल लवकर बाजूला ठेवायचा, म्हणजे झोप पुरी होते. शाळेतली खिचडी दुपारी मिळते, तेव्हा सकाळी चहावर पाठवू नका. भाकरीचा तुकडा, शिळ्या पोळीचा कुस्करा, काहीतरी पोटात जाऊ द्या. उपाशी पोरगं एका जागी बसत नाही. वहीत चुकीचं उतरवून आणत असेल, तर त्याला नीट दिसतं का, ऐकू येतं का, ते बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला शाळेत येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

आणखी एक. ‘गुरुजी, ऐकलं नाही तर दोन फटके द्या,’ असं सांगायची आपल्याकडे रीतच आहे. ती सोडू या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारायला आणि मुलाचा मानसिक छळ करायला बंदी केली आहे. मार खाणारं मूल शिस्त शिकत नाही, ‘मला कळलं नाही’ म्हणायला भिऊ लागतं. चांगलं वागणं म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे. नीट ऐकणं, अडलं तर विचारणं, कुणाला जातीवरून, रंगावरून, बोबडं बोलण्यावरून न चिडवणं, हे चांगलं वागणं.

याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असायला लागतात. नाव यादीत आणि सही घरी, असं नको. बैठकीला स्वतः जा.

आणि संध्याकाळी चुलीपाशी लेकराला विचारा, ‘आज काय कळलं नाही?’ ते न भिता सांगू लागलं, की उद्या वर्गातही हात वर करील.