विकतचे पाणी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला पत्र पाठविले तेव्हा विषय सुचविला होता 'नव्या श्रमसंहिता आणि कामगार'. युनियनच्या माणसाला दुसरा कोणता विषय सुचविणार? परंतु मी त्यांना कळविले की, संहितांवर मी वर्षभर गेटसभांतून बोलतच असतो. आपल्याकडे वसंत ऋतू हा नावापुरताच, खरा तर हा भर उन्हाळा. तेव्हा या दिवसांत मला पाण्यावर बोलू द्या. त्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केले. आणि आज व्यासपीठावर येऊन बसतो तो माझ्यापुढे ही पाण्याची बाटली! चिटणीसांचा यात दोष नाही. आमच्या युनियनच्या अधिवेशनातही वर टेबलावर अशाच बाटल्या मांडलेल्या असतात आणि खाली बसलेल्या हजार कामगारांसाठी कोपऱ्यात एक पिंप असते. वर बसून ते बाटलीतले पाणी मी कित्येक वर्षे निमूटपणे प्यायलेलो आहे. तेव्हा आजचे बोलणे आधी मला लागू, मग आपणांस.

प्रथम थोडा हिशेब करू. मी चौथीनंतर जे शिकलो ते पगारपत्रकांवरून शिकलो, त्यामुळे हिशेबावाचून मला बोलता येत नाही. मुंबई महानगरपालिकेने २०२२ साली दर वाढविले तेव्हा इमारतींतील घरगुती पाण्याचा दर झाला हजार लिटरला ६ रुपये ३६ पैसे. आता बाटली घ्या. महागडी नको, रेल्वेची 'रेलनीर'च घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारने अशा पाण्यावरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला आणि रेलनीरची लिटरची बाटली १५ रुपयांची १४ रुपयांना झाली. म्हणजे हजार लिटरला १४ हजार रुपये. नळाच्या पाण्याच्या सुमारे बावीसशे पट! कोणी म्हणेल, महापालिकेला ते पाणी त्या दरात परवडत नाही, पदरमोड करावी लागते. बरे, दर तिप्पट धरा. तरी सातशे पटींहून अधिकच फरक उरतो. वीस रुपयांचा वडापाव जर कोणी बावीसशे पट दराने विकावयास बसला तर चव्वेचाळीस हजार रुपये मागेल, आणि आपण पोलिसांना नव्हे, वेड्यांच्या डॉक्टरला बोलावू.

आणि ही झाली स्टेशनावरची बाटली. तीच पंचतारांकित हॉटेलात गेली की तिच्यावर छापलेल्या किमतीलाही अर्थ राहत नाही. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हॉटेले व उपाहारगृहे छापील किमतीहून अधिक घेऊ शकतात. कारण गिऱ्हाईक तेथे नुसते पाणी विकत घ्यावयास जात नाही, तेथील बसणेउठणे, सेवा हेही घेत असते. कायद्याचे तर्कशास्त्र मला कळते. पण तहान लागलेल्या माणसाला वातावरणाचे पैसे पडतात, हे ऐकून आमच्या आजीने कपाळावर हात मारून घेतला असता.

आता ही बाटली आपल्याकडे आली कशी? १९६५ साली मुंबईत बिसलेरी या इटालियन नावाने काचेच्या बाटलीतील पाणी निघाले. ते श्रीमंत हॉटेलांतील पाहुण्यांसाठी होते. १९६९ साली पार्लेच्या चौहानांनी तो धंदा विकत घेतला. काचेची बाटली जड, फुटकी आणि परत करावी लागणारी. तोवर हा धंदा लहानच होता. १९७३ साली अमेरिकेत नॅथॅनिएल वायेथ या अभियंत्याने पेट प्लॅस्टिकच्या बाटलीचे पेटंट घेतले. ही बाटली हलकी, न फुटणारी आणि वापरून टाकून देता येणारी. पाण्याचा बाजार खरा तेथून वाढला. आपण ज्याला सरसकट 'मिनरल वॉटर' म्हणतो ते बहुधा मिनरल वॉटर नसतेच. लेबल वाचा. तेथे 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असे असते, म्हणजे बोअरचे किंवा नळाचे पाणी यंत्रातून काढून भरलेले. खऱ्या झऱ्याच्या पाण्याचे भारतीय मानक निराळे, या पाण्याचे निराळे. लेबल खोटे बोलत नाही. आपण वाचत नाही, एवढेच.

विलायतेत तर याच्या गमतीजमती झाल्या आहेत. २००४ साली कोका-कोला कंपनीने ब्रिटनमध्ये 'दसानी' नावाचे पाणी आणले. अर्ध्या लिटरला ९५ पेन्स. वर्तमानपत्रांनी शोधून काढले की हे लंडनजवळच्या सिडकप गावच्या नळाचे पाणी आहे. कंपनीने सांगितले, आम्ही ते अधिक शुद्ध करतो. आणि त्या शुद्ध करण्यातच पाण्यात ब्रोमेट नावाचे द्रव्य मर्यादेबाहेर उतरले. मार्च २००४ मध्ये सुमारे पाच लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या. नळाचे पाणी निर्दोष होते. दोष त्याला बाटलीत भरताना चिकटला! फ्रान्सची 'पेरिए' म्हणजे पाण्यातली राणी. १९९० साली तिच्यात बेंझिन सापडले आणि जगभरातून सोळा कोटी बाटल्या मागे घेतल्या गेल्या. पुढे २०२४ साली उघड झाले की, 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या त्याच घराण्यातल्या पाण्यांवर नेस्ले कंपनी नियमात न बसणाऱ्या गाळण्या चालवीत होती. वीस लाख युरो भरून ते प्रकरण मिटले. आपल्याकडे २००३ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने दिल्ली व मुंबईतल्या बाटल्या तपासल्या तर त्यांत कीटकनाशकांचे अंश निघाले. त्यानंतर मानके कडक झाली, हेही सांगितले पाहिजे.

पण मला सर्वांत आवडते ती दोन अमेरिकन जादूगारांची गोष्ट. पेन आणि टेलर हे त्यांचे नाव. २००३ साली त्यांनी आपल्या दूरदर्शन कार्यक्रमासाठी एका उपाहारगृहात पाण्याचे कार्ड तयार केले, जसे आपल्याकडे पदार्थांचे असते तसे. वाढपी अदबीने प्रत्येक पाण्याचे गुण सांगे. लोक घोट घेऊन माना डोलावीत. याला ताजेपणा आहे, ते जरा हलके आहे, असा निवाडा देत. आणि सर्व बाटल्या मागच्या अंगणातल्या झाडांना घालावयाच्या रबरी नळीवर भरलेल्या! एका पाण्याचे फ्रेंच नावच मुळी 'लो द्यू रोबिने' असे होते. त्याचा सरळ अर्थ नळाचे पाणी.

आपण हसलात. मीही हसलो होतो. परंतु येथे एक श्रोता मनात म्हणत असेल की, भाऊ, लंडनचा नळ वेगळा आणि आमचा नळ वेगळा. आमच्या नळाला दोन दिवसांआड पाणी, तेही पहिली दहा मिनिटे गढूळ. पोराला कावीळ झाली तर तुमचा हिशेब काय कामाचा? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला हसून उत्तर देता येत नाही. त्याकडे येतो.

त्याआधी दुसरा एक आक्षेप सांगतो. तो मला आमच्याच एका तरुण कार्यकर्त्याने घेतला. मी एका बैठकीत पाणपोयांचे गुणगान करीत होतो. चैत्र लागला की गावोगाव मांडव पडत, रांजण मांडले जात, पाण्यात वाळा टाकीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत ओगराळ्याने पाणी घालीत. पाणी विकणे हे पाप मानले जाई, वगैरे. तो पोरगा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "भाऊ, तुमच्या पाणपोईवर माझ्या आज्याला वरून पाणी घालायचे. बाटली जात विचारत नाही. पैसे टाकले की मिळते." मी गप्प बसलो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण तो खरे बोलला होता. पाणी फुकट होते, पण सर्वांना नव्हते. जोतीराव फुल्यांना १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला तो उगीच नाही.

चार दिवसांनी मी त्याला उत्तर दिले, ते आपणांपुढेही ठेवतो. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव आणणारे सीताराम केशव बोले. हे गिरणी कामगारांत काम करणारे, कामगार हितवर्धक सभेचे. म्हणजे आमच्या धंद्यातले पूर्वज! त्या ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यावर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, दावे झाले, आणि १९३७ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने निकाल दिला तेव्हा दहा वर्षे उलटली होती. त्या लोकांना पाणी दुसरीकडे मिळाले नसते काय? काही तरी करून ते भागवीतच होते. त्यांचे म्हणणे असे होते की, हे तळे सर्वांचे आहे, म्हणून आमचेही आहे. मी त्या मुलाला म्हटले, बाटली जात विचारत नाही हे कबूल. पण ती खिसा विचारते. आणि ज्याचा खिसा रिकामा तो कोणत्या जातीचा निघतो, हे तू माझ्यापेक्षा चांगले जाणतोस. तो म्हणाला, "बघू." अजून तो पुरता पटलेला नाही. परंतु पुढे जे सांगणार आहे त्यात तो माझ्याबरोबर होता.

२०१९ सालची गोष्ट. आमच्या जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीतला कारखाना. नाव घेत नाही, कारण तशी पाचपंचवीस नावे घेता येतील. तीनशे दहा माणसे, त्यांतली दोनशेच्या वर कंत्राटी. एप्रिलमध्ये पाण्याचा कूलर बंद पडला. दुरुस्त करण्याऐवजी कंत्राटदाराने वीस लिटरचे जार आणून ठेवले. सर्वांना सोय वाटली. मेच्या सात तारखेला एका कामगाराने पगाराची चिठ्ठी आणून दाखविली. 'इतर कपात १३०.' रोजचे पाच रुपये, दिवस सव्वीस. पाण्याचे!

तेव्हा १९४८ चा कारखाने कायदा लागू होता. त्याचे अठरावे कलम मला पाठ होते. पिण्याच्या पाण्याची पुरेशी सोय मालकाने करावयाची. त्या जागी कामगारांना समजेल अशा भाषेत 'पिण्याचे पाणी' असे लिहावयाचे. संडास-मुतारी त्याच्या सहा मीटरच्या आत नसावी. आणि अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी थंड करून द्यावयाचे. कायदा करणाऱ्यांनी फुटपट्टी घेऊन अंतरसुद्धा मोजून ठेवले होते. तो कायदा आता गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता आली. तिच्यातही पिण्यायोग्य पाण्याची जबाबदारी मालकावरच आहे, हे चिटणीसांच्या मूळ विषयाखातर नोंदवून ठेवतो.

भांडलो. नऊ दिवसांत कूलर सुरू झाला, कपात थांबली; कापलेले पैसे मात्र निम्म्यांनाच परत मिळाले. आम्ही पेढे वाटले. आणि आठवड्याने पाहतो तो काय, आमचीच माणसे गेटबाहेरच्या टपरीवरून बाटल्या विकत घेऊन आत जात आहेत! मी चिडलो. एकाला अडवून विचारले. तो म्हणाला, "भाऊ, कूलर नवा आहे, टाकी कुठे नवी आहे?" तो मघाचा तरुण, मी आणि एक फिटर असे तिघे शिडी लावून वर गेलो. टाकीला झाकण नव्हते. आत काय होते ते या सभेत सांगत नाही. तळाला वीतभर गाळ होता. ही टाकी कधी धुतली, ते कारखान्यात कोणालाच सांगता येईना. आणि आम्ही, जे वीस वर्षे तेथे युनियन चालवीत होतो, त्यांतला एकही जण वर चढला नव्हता. पगारवाढ मागितली, बोनस मागितला. टाकी धुवा, असे आमच्या कोणत्याही मागणीपत्रकात नव्हते.

तेथे मला पहिल्या आक्षेपाचे उत्तर मिळाले. लोक पाण्याचे बावीसशे पट पैसे देतात ते मूर्ख म्हणून नव्हे. कोणी तरी हे पाणी पाहिले आहे, झाकण लावून बंद केले आहे, एवढ्या भरवशाचे ते पैसे देतात. तो भरवसा पुष्कळदा पोकळ असतो, हे मघाशी सांगितलेच. पण नळावर तर तेवढाही उरलेला नाही. आणि ज्यांचा आवाज नगरपालिकेत ऐकू जातो, ते वकील, डॉक्टर, व्यापारी, आणि माफ करा, युनियनचे पुढारी, यांच्या घरी जार आला की नळाच्या गढूळ पाण्याबद्दल तक्रार करणार कोण? नळ मग ज्याला तक्रार करता येत नाही त्याचा उरतो, आणि तसाच ठेवला जातो.

त्या कारखान्यात आम्ही पुढच्या मागणीपत्रकात एक ओळ घातली. टाकी दर तीन महिन्यांनी धुवावी आणि धुतल्याची तारीख टाकीवर रंगाने लिहावी, खालून वाचता येईल अशा अक्षरांत. व्यवस्थापक हसले, पण त्यांनी लिहिली. टपरीवाल्याचा बाटल्यांचा खप वर्षभरात बराच उतरला. तो माझ्यावर अजून रागावलेला आहे. मी त्याच्याकडे चहा घेतो.

आता शेवटचे. या मैदानाच्या फाटकापाशी एक दगडी पाणपोई आहे. येताना मी थांबून पाहिली. दात्याचे नाव कोरलेले आहे, नळाच्या जागी मात्र भोक आहे आणि आत पोस्टरे कोंबलेली आहेत. तिच्या सावलीतच एक मुलगा बर्फाच्या पेटीत बाटल्या घेऊन बसला आहे. त्याच्यावर माझा राग नाही. पाइप खाली शाबूत आहे, असे मला शेजारच्या चांभाराने सांगितले. उद्या सकाळी साडेदहाला मी पाणीपुरवठा विभागात अर्ज घेऊन जाणार आहे. अर्ज लिहून तयार आहे, माझ्या पिशवीत आहे. त्यावर या गावच्या रहिवाशांच्या सह्या हव्यात, कारण मी बाहेरगावचा. सभा संपल्यावर पायऱ्यांपाशी उभा राहतो.