पंचाचा हात आणि गटाची वही

आज आपण बोलणार आहोत बास्केटबॉलच्या पंचाबद्दल. तुम्ही म्हणाल, कापूस वेचायच्या दिवसांत हे काय काढलं? पण जळगाव-धुळ्याच्या शाळा-कॉलेजांत आपल्या मुली हा खेळ खेळतात, आणि त्यातल्या पंचाकडून आपल्या गटाने घ्यावी अशी एक गोष्ट आहे.

मैदानावर दोन्ही संघांच्या पाच-पाच जणी धावत असतात. भोवती नुसता आरडाओरडा. पंचाचं बोलणं कोणाला ऐकू जाणार? म्हणून शिट्टी वाजते आणि हात बोलतो. मूठ वर गेली की फाऊल. उघडा पंजा वर गेला की नियम मोडला. चेंडू न आपटता जास्त पावलं टाकली, तर पंच दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवतात. वाट अडवली, तर दोन्ही हात कमरेवर. धरून ठेवलं, तर स्वतःचं मनगट धरून दाखवतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांत या खुणा सगळीकडे सारख्याच. आपल्या महाराष्ट्राच्या स्नेहल बेंडके यांनी आंतरराष्ट्रीय पंच म्हणून काम केलं आहे. म्हणजे हे काम बाईचं नाही, असं कोणी सांगू नये.

आता खरी गोष्ट ऐका. फाऊल झाल्यावर पंच गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलासमोर येतात आणि तीन गोष्टी क्रमाने दाखवतात. आधी बोटांनी खेळाडूचा नंबर, म्हणजे कोण. मग फाऊलचा प्रकार, म्हणजे काय केलं. मग पुढे काय, फ्री थ्रो किती किंवा चेंडू कोणाकडे. लिहिणारा ते लिहितो आणि त्या खेळाडूचे किती फाऊल झाले, ती पाटी वर धरतो. पाच झाले की खेळाडू बाहेर. मग ती कितीही नावाजलेली असो.

आपल्याकडच्या बैलबाजारातही बोटं बोलतात. पण तिथे उपरण्याखाली. दलाल आणि मालक कापडाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात, शेजारी उभ्या माणसाला आकडा कळत नाही. सौदा दोघांचा आहे, तिथे ते चालतं. गटाचा पैसा मात्र सगळ्यांचा. तिथे उपरणं नको.

आम्ही गावोगाव बैठकांना बसतो, तेव्हा दिसतं की गट फक्त पैशाने मोडत नाही. "तिला कर्ज कधी दिलं? आम्हाला कोणी सांगितलं?" या कुजबुजीने मोडतो. अध्यक्ष आणि सचिव हळूच बोलतात, वहीत ओळ चढते, आणि जिला वाचता येत नाही ती बाई अंगठा देऊन घरी जाते. पुढच्या महिन्यात तीच म्हणते, मला बचत भरायची नाही. तिचं काय चुकलं?

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. कर्ज असो की दंड, वहीत लिहिण्याआधी सचिवाने उभं राहून तीन गोष्टी मोठ्याने सांगाव्या. कोणाला, कशासाठी, किती आणि कधी फेडायचं. हप्ते बोटांवर मोजून दाखवावे. सगळ्यांनी हात वर करून होकार दिला, मगच लिहावं. लिहिल्यावर ती ओळ पुन्हा वाचून दाखवावी. उशिरा येणाऱ्या सरपंचांच्या सुनेला आणि मजुरीवरून धावत आलेल्या मावशीला दंडाचा नियम एकच, आणि तो सगळ्यांदेखत.

पंचाची मूठ रागाने वर जात नाही, सगळ्यांना दिसावी म्हणून वर जाते. आपल्या गटाचा हिशेबही तसाच दिसू द्या.