दुसरे तुकोजीराव होळकर आणि यंत्रयुग



एप्रिल १८६१ मध्ये अब्राहम लिंकन यांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. त्या घोषणेचा माळवा-निमाडच्या काळ्या जमिनीशी काही संबंध असेल, असे वॉशिंग्टनमध्ये कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. परंतु लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस अडला आणि विलायती व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईच्या अनेक पेढ्या बुडाल्या. कच्चा माल विकून दूरच्या बाजारावर विसंबण्यात काय धोका असतो, हे या चार वर्षांनी पुरेपूर दाखवून दिले.

पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, इंदूरच्या गादीवरील दुसऱ्या तुकोजीरावांनी राज्याच्या खर्चाने कापडाच्या गिरणीचा उपक्रम हाती घेतला. हीच पुढे ‘स्टेट मिल’ म्हणून ओळखली गेली. त्या काळी लोहमार्ग खांडव्यापाशीच संपत होता. विलायतेहून आलेली अवजड यंत्रे तेथून पुढे नर्मदा ओलांडून आणि विंध्याचा घाट चढवून आणावी लागत. रेल्वेआधी गिरणी आली, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बहुतेक ठिकाणी तो उलटा असतो.

भांडवल आले कोठून? येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. माळव्याची खरी श्रीमंती अफूची होती. माळव्यातील अफू मुंबईमार्गे चीनला जाई, तीवर इंग्रज सरकार भरघोस जकात घेई, आणि सावकारांच्या पेढ्या गब्बर होत. पुढे इंदुरात ज्या खासगी गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांच्या पायातही याच व्यापाराचा पैसा होता. उद्योगनगरीचे कौतुक करताना हा भाग वगळण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती काही बरी नव्हे.

महाराजांचे सर्वांत धाडसी पाऊल मात्र रेल्वेचे. मार्च १८७० मध्ये मुंबई-जबलपूर मार्ग पुरा झाला. त्याच सुमारास तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज दर साल साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे, आणि त्यावरील नफ्यात निम्मा वाटा. राज्यातील जमीन विनामूल्य द्यायची होती. एखाद्या संस्थानिकाने सार्वभौम सत्तेला कर्ज द्यावे, हे दृश्य तसे विलक्षणच. पण मार्गावरील अधिकार मात्र धनकोकडे नव्हे, ऋणकोकडे गेला.

या कर्जामागे केवळ व्यापारी बुद्धी होती काय? १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. कर्नल ड्युरँड सिहोरकडे निघून गेला, आणि महाराजांच्या निष्ठेविषयी संशयाचे सावट पुढे वर्षानुवर्षे राहिले. त्यांना किताब मिळाला; शिंद्यांसारखा मुलूख मात्र मिळाला नाही, आणि ही सल त्यांनी कधी लपवली नाही. अशा राजाला तिजोरी उघडून विश्वास संपादन करावासा वाटला, तर त्यात नवल नाही. तरीही ते केवळ खुशामतीचे कर्ज ठरवणे अन्यायाचे होईल. खुशामत करणारा माणूस व्याजाचा दर असा घासून ठरवीत नाही!

तुलना करायची तर पुन्हा अमेरिकेकडेच पाहावे लागते. लिंकन यांनी १८६२ मध्ये पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली. सरकारने जमिनी आणि कर्जरोखे दिले, आणि १० मे १८६९ रोजी दोन्ही किनाऱ्यांकडून आलेले मार्ग युटामध्ये जुळले. तेथेही राज्यकर्त्यांनीच भांडवलाला वाट करून दिली. १८७७ च्या रेल्वे संपात राष्ट्राध्यक्ष हेस यांनी संपकऱ्यांविरुद्ध लष्कर वापरले, हेही त्याच कथेचे अंग. पण एक फरक निर्णायक होता. १८९० मध्ये मॅकिन्ले यांच्या नावाच्या कायद्याने अमेरिकेने परदेशी मालावर सरासरी सुमारे पन्नास टक्के जकात बसवली. पुढे तेच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८९८ च्या युद्धानंतर फिलिपाइन्स बेटे त्यांच्या देशाच्या हाती आली. इकडे १८८२ मध्ये इंग्रज सरकारने विलायती कापडावरील आयात जकातच उठवली, आणि १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर लादला. इंदूरच्या राजाला गिरणी काढता आली. तिच्याभोवती कुंपण घालण्याची सत्ता त्याच्या हाती नव्हती.

तुकोजीराव १८८६ मध्ये निवर्तले. त्यानंतर १९०९ मध्ये मालवा युनायटेड आणि पुढच्या दशकात हुकुमचंद मिल निघाली, आणि इंदूर गिरणगाव झाले. कर्जाची १०१ वर्षे मोजली तर ती १९७१ च्या आसपास भरतात. त्याआधीच, १९४८ मध्ये, होळकर राज्य मध्यभारतात विलीन झाले. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मिळण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर त्यांतील कित्येकांच्या वतीने ती रक्कम घ्यायला त्यांच्या विधवा आणि मुलेच उरली होती.